आयबीएम मॉडेल एमला बोल्ट लावताना: माझा अनुभव

आयबीएमचा जुना मॉडेल एम कीबोर्ड हाती आला की जोडून बघण्याआधी कानाजवळ धरून हलवावा. आत बारीक काही खुळखुळलं तर ते रिव्हेटचे, म्हणजे आतले थर आवळून धरणाऱ्या प्लास्टिकच्या खुंटांचे, तुकडे. दुसरी खूण बोटांना कळते. मधली बटणं खणखणीत वाजतात आणि कडेची काही मऊ पडलेली असतात. टक् होतं पण अक्षर उमटत नाही, किंवा एकदा दाबून दोनदा उमटतं. अशा वेळी बरेच जण नव्या स्प्रिंगा मागवतात. माझ्या पाहण्यात स्प्रिंग क्वचितच दोषी निघते. सुटलेली असते ती मागच्या लोखंडी पत्र्याची पकड.

का, ते आतली रचना बघितली की कळतं. बटणाच्या प्रत्येक टोपीखाली नळीत एक बारीक स्प्रिंग उभी असते आणि तिच्या बुडाशी प्लास्टिकचा चपटा फ्लिपर असतो. बटण दाबत गेलं की स्प्रिंग आधी सरळ दबते, मग एका क्षणी कमरेत मोडते. त्याच झटक्यात फ्लिपर डुलून मेंब्रेनवर, म्हणजे वाहक पट्टे छापलेल्या पातळ प्लास्टिकच्या थरांवर, आपटतो. म्हणजे आवाज आणि संपर्क एकाच हालचालीतून होतात. चेरी एमएक्स ब्लू या आजच्या टक् वाजणाऱ्या स्विचमध्ये टक् करणारा तुकडा वेगळा आणि संपर्काची पत्ती वेगळी. मॉडेल एमची सवय झालेल्या बोटांना ते पोकळ वाटतं, निदान माझ्या तरी. पण या रचनेत फ्लिपर आणि मेंब्रेन यांच्यातलं अंतर नेमकं राहायला हवं. पत्रा जरा जरी सैल झाला तरी टक् होऊनही अक्षर चुकतं.

१९८१च्या मॉडेल एफ या आधीच्या कीबोर्डमध्ये हीच स्प्रिंग होती, पण आतले थर दोन धातूच्या पत्र्यांत आवळलेले असत. १९८५ला मॉडेल एम आला तेव्हा वरची प्लेट प्लास्टिकची झाली. तिचे खुंट पत्र्यातून आरपार काढून टोकं वितळवून चपटी केली. हेच ते रिव्हेट. असे खुंट पन्नासहून जास्त. सगळी जोडणी धनुष्यासारखी वाकलेली असल्याने खुंटांवर कायम ताण असतो. प्लास्टिक जुनं झालं की त्यांची डोकी उडतात, आणि कीबोर्ड पडला तर एकदम पाच-सहा जातात. दोन-चार गेले असतील तर मी उघडत नाही. दहा-बारा गेले की सगळेच काढून एम-२ (२ मिमी जाडीचे) बोल्ट लावणं बरं.

सामान फार नाही. एम-२ × ८ मिमीचे बोल्ट आणि नट साठ-सत्तर, १.५ किंवा १.६ मिमीची ड्रिल बिटं तीन-चार (एखादं मोडतंच), धारदार पटाशी, दोन सी-क्लॅम्प आणि ५.५ मिमीचा पातळ भिंतीचा बॉक्स पाना. केसचे चार स्क्रू खोल खड्ड्यात असतात. जाड भिंतीचा पाना तिथे शिरतच नाही.

केस उघडल्यावर मेंब्रेनच्या चपट्या केबल कंट्रोलरमधून (कीबोर्डच्या सर्किट बोर्डमधून) सरळ रेषेत ओढून काढायच्या. शेपटाला घडी पडली की त्यावरचे वाहक पट्टे तडकतात, आणि मग एक अख्खी रांग मेली म्हणून समजा. पत्र्याला जोडलेली अर्थिंगची तारही सोडवून घ्यायची. टोप्या सगळ्या काढायच्या. काही मोठ्या बटणांखालच्या नळ्यांत प्लास्टिकचे छोटे इन्सर्ट असतात, ते वेगळ्या डबीत ठेवायचे.

आता जोडणी पालथी ठेवायची आणि पटाशीने रिव्हेटची डोकी पत्र्याच्या पातळीत छाटायची. इथून पुढे तोंड वर करायचं नाही, नाहीतर शंभरावर फ्लिपर स्प्रिंगांसकट जमिनीवर येतात. पत्रा उचलला की खाली मेंब्रेनचे थर आणि रबराची पातळ चादर. ते बाजूला ठेवून फ्लिपर एकेक काढायचे. पत्र्याला गंज असेल तर याच वेळी सँडपेपर मारून रंग द्यायचा आणि रंग पूर्ण वाळू द्यायचा.

खरा वेळ जातो तो भोकं पाडण्यात. प्रत्येक खुंटाच्या मधोमध टोकदार सुईने खूण करायची, नाहीतर बिट घसरतं. ड्रिल मंद गतीवर आणि अगदी काटकोनात धरायचं. जरा तिरकं गेलं तर बिट पलीकडे नळीची भिंत फोडून निघतं आणि त्या बटणाची स्प्रिंग तिथे घासायला लागते. सर्वात खालच्या रांगेत काही ठिकाणी बोल्टच्या डोक्याला जागाच मिळत नाही. तिथली भोकं मी सोडून देतो. शेजारचे बोल्ट तेवढा भार घेतात. सगळं झाल्यावर ब्रशने भुसा काढायचा आणि प्लेट धुऊन वाळवायची. भुशाचा एक कण मेंब्रेनमध्ये अडकला तरी एखादं अक्षर आपोआप उमटत राहतं.

परत बसवताना प्लेट पालथी. फ्लिपर आपापल्या खाचेत आडवे, मग चादर, मेंब्रेन आणि वर पत्रा. दोन क्लॅम्प लावून प्लेट आणि पत्रा यांचा बाक जुळवायचा आणि मधल्या रांगेपासून सुरुवात करायची. बोल्ट पुढून, नट मागून. दीड मिमीच्या भोकात एम-२ बोल्ट स्वतःच आटे पाडत जातो, त्यामुळे पुढून धरून ठेवावा लागत नाही. पाच-सहा बोल्ट लागले की थांबायचं आणि क्लॅम्पसकट उलटं करून नळ्यांत डोकवायचं. स्प्रिंग नळीच्या मधे उभी दिसली तर ठीक. एका बाजूला रेलून पडली असेल तर तिचा फ्लिपर खाचेतून निसटला आहे. तेव्हाच सोडून नीट करायचं, कारण सगळे नट आवळल्यावर तो एक फ्लिपर काढायला सगळंच पुन्हा उघडावं लागतं.

नट बोटांनी बसला की त्यावर साधारण पाव फेरा, बस्स. जास्त आवळलं तर मेंब्रेनचे थर चिकटतात किंवा प्लेटला चीर जाते. एका कोपऱ्यातले सगळे नट आधी पक्के करू नयेत. मधून कडेकडे, थोडं थोडं.

टोप्या पीबीटी या टणक प्लास्टिकच्या असतात आणि अक्षरं रंग आत मुरवून छापलेली, त्यामुळे साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवल्या तरी बिघडत नाही. मात्र वाळल्याशिवाय बसवू नयेत. टोपी सरळ खाली दाबायची. टक् न होता नुसती खाली गेली तर स्प्रिंग आत नीट बसली नाही, काढून परत लावायची.

याचा प्लग पीएस/२, म्हणजे जुना गोल. आजच्या संगणकाला जोडायला साधा पीएस/२-यूएसबी तुकडा चालत नाही, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. नेहमीच्या मॉडेल एमवर १०१ बटणं आणि विंडोजचं बटण नाही, म्हणून मराठी-इंग्रजी बदलायला डावं ऑल्ट + शिफ्ट वापरावं लागतं. प्रोग्रॅम करता येणारा कन्व्हर्टर असेल तर कॅप्स लॉकलाच विंडोज बनवता येतं. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत कॅप्स लॉक तसंही लागत नाही. शिफ्ट आणि ७ दाबून क्ष, शिफ्ट आणि ५ दाबून ज्ञ. शिफ्टचा इतका वापर असल्यामुळे दोन्ही शिफ्ट तपासल्याशिवाय केस बंद करू नये. लांब टोपीखालचा इन्सर्ट विसरला असेल तर ती तिरकी बसते आणि टोकाला दाबल्यावर अडकते.

बोल्ट लावल्यावर आवाज आधीपेक्षा कोरडा आणि मोठा येतो. स्प्रिंगांचा मागे रेंगाळणारा झंकार नको असेल तर दात कोरायच्या धाग्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा प्रत्येक स्प्रिंगमध्ये घालतात. मी घालत नाही. घरात कुणी झोपलेलं असेल तर मात्र धागा घालूनही उपयोग नाही.