ओमचा कान

"यंदा ओमला गड्ड्याला नेलं नाही," असं वहिनी फोनवर म्हणाली तेव्हाच मला खटकलं. ओम माझा भाचा, सोळा वर्षांचा. त्याला बौद्धिक अक्षमता आहे, बोलतो ते मोजकेच शब्द. गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची जत्रा, आणि तिथला होम मैदानावरचा पाळणा म्हणजे त्याचा वर्षाचा सण.

"अगं, दोन महिने झाले, डाव्या कानावर थापडा मारून घेतोय. रात्र रात्र झोपत नाही. डॉक्टर म्हणाले, ही मुलं वयात येताना असंच करतात. झोपेची गोळी दिलीय."

मी इथे लेस्टरमध्ये एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स आहे, आणि अशा मुलांची तपासणी हेच माझं काम. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वयाच्या १४व्या वर्षापासून दरवर्षी एकदा पूर्ण तपासणी मोफत मिळते. दवाखान्याच्या यादीत तशी नोंद मात्र हवी. चौदाव्या वर्षीच का, तर मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना ही पोरं हमखास मधेच निसटतात. वजन, रक्तदाब, डोळे, कान, बद्धकोष्ठता, फिट्स, पाळीचा त्रास, चालू असलेल्या गोळ्या, सगळं बघायचं. आणि वागणं एकाएकी बदललं असेल, तर आधी दुखणं शोधायचं.

इंग्लंडलाही हे सहज उमगलेलं नाही. ऑलिव्हर मॅकगोवन या १८ वर्षांच्या मुलाला ऑटिझम, सौम्य बौद्धिक अक्षमता आणि फिट्स होत्या. २०१६ मध्ये रुग्णालयात त्याचा आणि आईवडिलांचा विरोध असताना त्याला मानसिक आजारावरचं औषध दिलं गेलं, आणि तो गेला. त्याच्या आईने लढा दिला. २०२२ च्या कायद्याने आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण बंधनकारक झालं. ऑलिव्हरच्या नावाचं ते प्रशिक्षण मीही घेतलंय.

वहिनीला म्हटलं, "उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरांकडे ने." कानात मळाचा दगडासारखा बोळा निघाला, आणि त्यामागे पू. दोन महिने पोरगं कानदुखी सोसत होतं आणि आपण सगळे तिला त्याचा स्वभाव म्हणत होतो. मला अजून राग येतो. घरच्यांवर नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर तीन रविवार व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही ओमचा कागद केला. इथे त्याला हॉस्पिटल पासपोर्ट म्हणतात: लाल भागात जिवाशी संबंधित माहिती, पिवळ्यात मदत कशी करायची ते, हिरव्यात आवडीनिवडी. वहिनीने वहीच्या पानावर स्केचपेनने रंगवलं. लाल भागात तिने लिहिलं: "'दुखतंय का?' विचारलं की मी नेहमी 'हो'च म्हणतो. 'कुठे ते दाखव' म्हणा." पिवळ्यात: "कानाला हात लावण्याआधी बाबांच्या कानाला लावून दाखवा." हिरव्यात: "शेंगाचटणीचं नाव काढलं की मी हसतो." पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तो कागद वाचला, आधी दादाचा कान तपासला, आणि ओमने आपणहून मान वळवली. झोपेची गोळीही डॉक्टरांनीच बंद केली.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांना त्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. ओमचं अपंगत्व प्रमाणपत्र कपाटात होतं, निरामयचं नाव मात्र घरात कुणी ऐकलं नव्हतं. आता अर्ज भरलाय. तो अठराचा झाला की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडेही जावं लागेल. ती कागदपत्रं दादा आत्तापासूनच जमवतोय.

कागदावर एक जागा अजून रिकामी आहे: "दात शेवटचे कधी तपासले?" वहिनीला आठवेना, दादालाही नाही. शुक्रवारी सकाळची पहिली वेळ घेतलीय, म्हणजे ओमला बाहेर ताटकळावं लागणार नाही.