ओळंब्यावर उभा शब्द

इंग्रजीतील 'अप्लॉम' हा शब्द भाषांतर करताना मला नेहमी अडवतो. तो फ्रेंचमधून आला असून 'शिशाच्या वजनाप्रमाणे सरळ उभे' हा त्याचा मूळ अर्थ, म्हणजे गवंडी भिंत उभारताना सोडतो तो आपला ओळंबाच. बॅलेमध्ये आजही नर्तकाच्या तोलाला हाच शब्द वापरतात. अवघड प्रसंगी जो डगमगत नाही आणि आवाजही चढवत नाही, त्याच्या वागण्याला तो शोभतो. 'आत्मविश्वास' म्हटले की त्यातील शांतपणा निसटतो, 'धिटाई'त किंचित आगाऊपणा शिरतो, आणि 'धीरोदात्त' हा तर संस्कृत नाटकाच्या नायकासाठीच राखून ठेवलेला (कार्यालयातील बैठकीत तो कोण वापरणार?). विरुद्ध अर्थासाठी मात्र 'उसने अवसान' हा नेमका शब्दप्रयोग आपल्याकडे आहे.