कोजागिरीची वही

बापूच्या दुकानातली लाल कापडी बांधणीची एक लांबट वही सध्या माझ्या कपाटात आहे. भांडीबाजारात अशा वह्यांत हंड्या-कळशांचे हिशेब लिहितात. आमच्या वहीतही डावीकडे 'जमा', उजवीकडे 'नावे' आहे. जमेला त्या वर्षी कोजागिरीला खेळलेल्या फाशांच्या खेळात काय आवडलं ते, नावेला तक्रारी. बावीस-तेवीस कोजागिऱ्यांनंतरही जमेकडे कोरी जागा आहे. नावेकडे मात्र समासातसुद्धा मजकूर घुसलाय, आणि त्यातलं बरंचसं अक्षर माझंच आहे.

आमच्या मंडळाला नाव नाही. वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, मग नाव कशाला? नाशिकला गंगापूर रोडच्या आडगल्लीत वकिलाच्या घराची गच्ची, पितळी पातेल्यात आटणारं दूध आणि फासे, एवढंच मंडळ. वर्षातून एकदाच सगळे जमतो: मी, भांडीवाला बापू, वकील, डॉक्टर आणि बँकवाला. एकजण डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. भिंत चढता आली की पडलो, हे फासा सांगतो. फासा कसा टाकायचा, कधी टाकायचा आणि पडलेल्या आकड्याचं करायचं काय, याच्या नियमांचं जे बाड असतं त्याला आम्ही सिस्टीम म्हणतो. भांडणं सगळी त्या बाडावरून.

कोजागिरीच का, याचं कारण माझी आई. २००२ साली मी कॉलेजात होते आणि रात्रभर मित्रांच्या गच्चीवर फासे खेळायचे आहेत हे घरी सांगणं सोपं नव्हतं. वकिलाचे काका कीर्तनकार. ते आमच्या घरी येऊन आईला म्हणाले, "वहिनी, कोजागिरीला जागून फाशांनी खेळावं असं व्रतातच सांगितलंय. पोरं शास्त्राला धरून चाललीत." आईनं परवानगी दिली, वर चारोळीची पुडीही दिली.

वकिलाचा मावसभाऊ अमेरिकेहून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीची तीन जाड पुस्तकं आणि फाशांचा एकच संच घेऊन आला होता. हा खेळ १९७४ चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा. तिसरी आवृत्ती २००० ची. आमच्याकडे पुस्तकं येऊन वर्ष होत नाही तोच २००३ मध्ये साडेतीनवी आवृत्ती आली! अर्धी आवृत्ती असू शकते हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. वहीतली पहिली तक्रार तीच आहे, बापूच्या अक्षरात: "माल जुना निघाला."

त्या पहिल्याच रात्री वीस तोंडांचा फासा गच्चीच्या पन्हाळीतून खाली गेला आणि पुन्हा सापडला नाही. नाशिकात तेव्हा तसा फासा कुठे मिळणार? वकिलाच्या आईनं तंबोल्याचा डबा दिला. त्यातल्या एक ते वीसच्या सोंगट्या बटव्यात घालून आम्ही एकेक काढत असू. प्रत्येक सोंगटी काढून झाली की परत आत टाकायची आणि बटवा हलवायचा. बँकवाला तेव्हा बँकवाला नव्हता, पण आकड्यांचा नाद होताच. त्यानं पडलेल्या आकड्यांची नोंद ठेवली होती. २००४ ला तो सहज म्हणाला, "दोन वर्षांत सतरा एकदाही आला नाही." बटवा उपडा केला. सतरा नव्हताच. दोन वर्षं आम्ही सतरा आकडा नसलेल्या जगात लढत होतो. माझा जादूगार एका आकड्यानं हुकून दोनदा गारद झाला होता, ते मी त्या रात्री मोठ्यानं बोलून दाखवलं. पहिल्या पातळीच्या जादूगाराचा जीव तेव्हा फार तर चार आकड्यांचा असायचा, तब्येत दणकट असली तर पाच-सहा. मोठ्या घुशीच्या दोन चाव्यांत खलास.

साडेतीनवर माझा सगळ्यात मोठा राग कुस्तीच्या नियमावर. कुणाला नुसतं धरायचं म्हटलं की आधी समोरच्याला फुकटचा एक वार मिळणार. त्यातून वाचलात तर स्पर्श होतो का ते बघायचं. मग दोघांनी फासे टाकून जोर आजमावायचा. तो जिंकलात तर त्याच्या चौकोनात शिरायचं. डॉक्टरनं एका गोब्लिनची, म्हणजे बुटक्या राक्षसाची, मानगूट पकडली आणि आम्ही चौघं पुस्तकात डोकं घालून बसलो. पान सापडेना, सापडलं तर अर्थ लागेना. तेवढ्यात स्टोव्हवरून सूं आवाज आला. दूध उतू जाऊन केशराचे ओघळ पातेल्यावरून खाली येत होते. गोब्लिन तसाच लोंबकळत राहिला. नावेला लिहिलं: "धरायला चार पायऱ्या, दूध चार लिटर."

शेजारच्या काकूंचा किस्सा त्याच सुमाराचा. चिलखताच्या आकड्याला आम्ही नुसतं एसी म्हणायचो. बँकवाला कठड्याला टेकून मोठ्यानं सांगत होता, "माझा एसी अठरा आहे." पलीकडून काकू म्हणाल्या, "अठरावर नका रे ठेवू, बिल फार येतं."

चौथी आवृत्ती २००८ ची. तिच्यात सगळं अंतर चौकोनांत मोजायचं, म्हणून वकिलानं गच्चीच्या शहाबादी फरशीवर गेरू फिरवला आणि आम्ही रांगोळीनं चौकोन आखले. कोजागिरीनंतर पंधरा दिवसांत दिवाळी, त्यामुळे किल्ल्यांचे मातीचे मावळे बाजारात आलेले असतात. आमचे योद्धे म्हणजे मावळे, गोब्लिन म्हणजे सुपाऱ्या, आणि ड्रॅगन म्हणून बापूनं दुकानातून पितळी मोराची समई आणली होती. देखावा असा झाला की खालच्या मजल्यावरची माणसं बघायला वर आली. खेळ मात्र रखडला. योद्धा असो की जादूगार, सगळ्यांच्या हातात सारख्याच घाटाचे डाव: काही कधीही वापरायचे, काही एका लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. एकच लढाई रात्री दहाला सुरू झाली ती दोनला संपली. चंद्र डोक्यावर येऊन गेला तरी दूध प्यायचं कुणाला सुचलं नाही.

माझं आजचं मत विचाराल तर चौथ्या आवृत्तीवर आम्ही अन्याय केला. साडेतीनमध्ये जादूगार मोठा झाला की योद्धा नुसता हमाल उरायचा, ती तक्रार आम्हीच चार वर्षं लिहीत होतो. चौथीनं नेमकं तेच दुरुस्त केलं, तर आम्ही म्हणालो सगळे सारखेच वाटतात. पण तेव्हा मी तावातावानं भांडले होते. २००९ ला 'पाथफाइंडर' आला. साडेतीनचीच घडी, थोडी इस्त्री केलेली. त्या कोजागिरीला गच्चीवर दोन सतरंज्या पडल्या. एकीवर मी, बापू आणि पाथफाइंडर. दुसरीवर वकील, डॉक्टर आणि मावळे. बँकवाला दर तासाला सतरंजी बदलत होता. पातेलं एकच होतं, म्हणून बोलणं तरी सुरू राहिलं. दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी परतीच्या पावसानं गच्ची धुऊन काढली आणि सगळ्यांना एकाच जिन्यात बसावं लागलं. जिन्यात दोन सतरंज्या मावत नाहीत.

(जायफळाबद्दल इथेच सांगून टाकते. बापू दुधात जायफळ सढळ हातानं किसतो. तीन वर्षं डीएम पहाटे अडीचला ऐन लढाईत झोपला आहे. वहीत ही तक्रार सिस्टीमच्या नावावर मांडली गेलीय, ते खरं नाही.)

जिन्यातल्या त्या पावसानंतर आमची चव बदलली. लग्नं झाली होती, नोकऱ्या होत्या, तीनशे पानं वाचायला कुणाला वेळ नव्हता. मग २०१२ ला डॉक्टरनं 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' आणलं, व्हिन्सेंट बेकरचं, २०१० चं. दोन साधे फासे, लुडोतले चालतात. बेरीज दहा किंवा वर आली तर काम फत्ते, सहा किंवा खाली आली तर डीएमची पाळी, आणि सात ते नऊ आली तर 'हो, पण'. दार उघडतं, पण आवाज होतो. दोर मिळतो, पण अर्धा कुजलेला. मला तर ते बघताक्षणी आवडलं, कारण घरी-दारी माझं सगळं 'हो, पण'वरच चाललं होतं. बँकवाला मात्र चिडला. "मला एवढंच सांगा, व्यवहार पूर्ण झाला की नाही?" त्याची नावेतली नोंद दीड पानाची आहे. दहा वर्षांपूर्वी 'नियम फार' असं लिहिणारा माणूस आता लिहितो, 'नियमच नाहीत, सगळं डीएमच्या लहरीवर.' दोन्ही नोंदींखाली त्याची सही आहे.

पुढच्या वर्षी 'कॉल ऑफ कथुलू'. खेळ १९८१ चा, पण मूळ काळ १९२० च्या दशकातला. मी डीएम होते आणि मी तो सरळ नाशकात आणला. नाशिकरोड स्टेशनातून गावात येणारी ट्राम, वाडे, कंदील. पात्रं सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे 'सावाना'त, जुने कागद शोधतात. आमच्या गावाला हे फार सोयीचं, कारण 'सावाना' १८४० पासूनची. या खेळात शोधाशोधीलाही टक्केवारी असते आणि भयंकर काही पाहिलं की शहाणपणाचे आकडे उतरत जातात. वकिलाची आजी शाल गुंडाळून ऐकायला बसली होती. मी गोदाकाठचं वर्णन करत होते, तेव्हा तिनं मला थांबवलं. "पूर आला की आकडे कोण बघतो गं? नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलंय ते बघतात." मग एकोणसत्तरच्या पुराचं सांगायला लागली ती तासभर. खेळ राहिला तो राहिलाच. त्या रात्रीची नोंद जमेला आहे, पूर्ण पान.

पाचवी आवृत्ती २०१४ ची. २०१५ च्या सिंहस्थानंतर अख्खं गाव थकलेलं होतं, आम्हीही. सोपा खेळ हवा होता. परिस्थिती अनुकूल असेल तर वीसचे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान. झालं. कुस्तीला एकच झटापट. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. चार वर्षं सुखात गेली आणि मग बापूनं लिहिलं, "कुणी मरतच नाही." खरं होतं. शून्यावर आलं तरी तीनदा फासा चुकेपर्यंत जीव जात नाही, आणि तोवर कुणीतरी मंत्र म्हणून उठवतं. पूर्वी घुशीनं मरत होतो म्हणून रडलो, आता ड्रॅगनच्या तोंडातून परत येतो म्हणून रडतो.

२०२० ची कोजागिरी मोबाईलवर झाली. प्रत्येकाची गच्ची वेगळी, दूध वेगळं. त्याबद्दल वहीत एक ओळही नाही.

२०२३ ला भलताच योग होता. कोजागिरीच्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. वकिलाच्या आईनं वेध पाळले, त्यामुळे दुधाचं पातेलं चढलंच नाही. कोरड्या घशानं भांडायला विषयही तसाच मिळाला. 'डन्जन्स'च्या मूळ नियमांवर इतरांनी आपले खेळ रचावेत म्हणून २००० साली दिलेला खुला परवाना खेळाची मालक कंपनी मागे घेऊ पाहतेय, असा मसुदा त्या जानेवारीत बाहेर फुटला होता. गदारोळ झाला आणि महिनाअखेर कंपनीनं माघार घेऊन पाचवीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये टाकले. वकिलानं तो सगळा परवाना कलमवार समजावून सांगितला. इतक्या वर्षांत त्याच्या वकिलीचा मंडळाला झालेला हा पहिला उपयोग. डॉक्टरची मुलगी पेंगत होती. "पण आपला खेळ तर आपलाच आहे ना?" एवढंच तिनं विचारलं.

आपला खेळ, म्हणजे 'दुतोंड्या'. २०१९ च्या ऑगस्टात गोदेला मोठा पूर आला, आणि त्या कोजागिरीला आजीचं वाक्य सगळ्यांना एकदम आठवलं. आजी तेव्हा नव्हती. बापूकडे कुणाच्यातरी लग्नाची जाड पत्रिका होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अख्खी सिस्टीम बसली. प्रत्येकानं कागदावर मारुती काढायचा. संकट आलं की पाणी चढतं: पाय, गुडघे, कंबर, छाती, गळा. गळ्याशी आलं की फासा नाही, एक वाक्य बोलायचं, ते गोष्टीत खरं ठरतं. डोक्यावरून गेलं की खेळ संपला. 'हो, पण' तिकडून उचललं, दोन फाशांतला मोठा इकडून. आकडे नाहीत, तक्ते नाहीत. डॉक्टरच्या मारुतीला चश्मा होता. वहीच्या नावे बाजूला त्या वर्षी काही लिहिलेलं नाही, पुढच्या खेळांतही 'दुतोंड्या'च्या नावावर काही पडलं नाही, आणि आम्ही मनातून जरा फुशारलोच होतो.

२०२४ ला डॉक्टरची मुलगी पहिल्यांदा पूर्ण रात्र खेळली. अकरा वर्षांची. तिचा मारुती साडेतीन वाजता बुडाला. रडली नाही. कपातलं दूध संपवलं, वही मागितली, जमा-नावे म्हणजे काय ते बापूकडून नीट समजावून घेतलं आणि नावेच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलं: "पाणी फक्त चढतं. उतरत का नाही? धरणातला विसर्ग कमी करायचा नियम कुठे आहे?"

आम्ही पत्रिका उलटसुलट करून पाहिली. नव्हताच.

"कमी म्हणजे किती करायचा?" बँकवाला चश्मा पुसत पुढे सरकला. "क्युसेकचा एक छोटासा तक्ता केला तर?"

वकिलानं कपाळाला हात लावला. बापूनं पातेल्यात उरलेलं दूध पुन्हा स्टोव्हवर ठेवलं.