स्कॅनमध्ये डिप्रेशन दिसतं का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून. मेंदूविज्ञान आणि मानसिक आरोग्य या विषयात एमएससी केलंय म्हटलं की मला दोनच प्रश्न येतात. एक, ‘म्हणजे आमच्या मनात काय चाललंय ते तुला कळतं?’ हा हसण्यावारी नेता येतो. दुसरा बाकीचे उठून गेले की हळू आवाजात येतो : स्कॅन काढला तर डिप्रेशन दिसतं का हो?

नाही दिसत. एका माणसाचा स्कॅन बघून त्याला नैराश्य आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर कधीकधी एमआरआय काढायला लावतात, ते गाठबीठ, दुसरं काही नाही ना याची खात्री करायला. प्रवेश घेतला तेव्हा मात्र माझीही समजूत तुमच्यासारखीच होती. मेंदूत कुठेतरी एक दिवा लागत असेल किंवा विझत असेल, तो हुडकायचा, एवढंच काम.

ती समजूत घालवली एका मेलेल्या माशाने. 2009 साली अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सॅमन स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि ‘यांना काय वाटत असेल?’ असं रीतसर विचारलं. आकडेमोड केल्यावर माशाच्या मेंदूत एक ठिपका चमकला! एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना काढतात त्या स्कॅनमध्ये, मेंदूचे हजारो बारीक ठोकळे पाडतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात, आणि प्रत्येकाची वेगळी चाचणी होते. इतक्या चाचण्या केल्या की काही निव्वळ योगायोगाने ‘पास’ होणारच. त्याची दुरुस्ती केली आणि मासा पुन्हा मेला. 2012 साली या कामाला इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. वर्गात आम्ही खूप हसलो.

माझ्या प्रबंधाच्या वेळी हसू आलं नाही. खूप चिंता करणारे आणि फारशी न करणारे, असे मिळून 38 जण मी स्कॅन केले होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम, हातात घाबरलात तर दाबायचा फुगा, आणि कानठळ्या बसवणारी ठकठक. दोन गटांत फरक दाखवणारा एक सुंदर केशरी डाग मला मिळाला. (तो रंग मेंदूचा नसतो, सॉफ्टवेअर भरतं. खाली मोजलेला असतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा परिणाम, तोही चेतापेशी कामाला लागल्यावर काही सेकंदांनी.) मॅडमनी डागाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “डोकी किती हललीत?”

चिंता करणारा माणूस नळकांड्यात निवांत पडून राहत नाही. आवंढे गिळतो, मान सावरतो. अर्धा मिलिमीटर हललं तरी आकडे बिघडतात. जास्त हललेले नऊ जण वगळले आणि डाग गेला. माझ्या वर्षभराच्या शोधाचं नाव होतं आवंढा. प्रबंधात शेवटी ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असं लिहिलं. मार्क बरे पडले.

आणि समजा यंत्र अचूक असतं, तरी शोधायचं नेमकं काय? डीएसएम-5 या निदानाच्या पुस्तकात नैराश्याची नऊ लक्षणं आहेत. पाच हवीत, त्यात उदास मनःस्थिती किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी हवं. गणित करून पाहा, 227 वेगवेगळ्या जुळण्या होतात. त्यातही ‘झोपेची तक्रार’ म्हणजे रात्रभर टक्क जागणाराही आणि दिवसभर झोपणाराही. पाच-पाच लक्षणं असलेल्या दोन पेशंटमध्ये सामाईक लक्षण एकच, असंही होऊ शकतं. या सगळ्यांच्या मेंदूत एकच डाग का सापडावा?

मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालं की नैराश्य येतं, असं म्हणतात, त्याचंही तसंच. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी त्याच्यावर होणारा परिणाम काही तासांत सुरू होतो, बरं वाटायला मात्र आठवडे लागतात. म्हणजे ‘ते कमी झालं, भरून काढलं’ इतकं ते सरळ नाही. पण गोळ्यांनी अनेकांना गुण येतो, तेव्हा हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

मध्यंतरी एका बाईंना मी हे सगळं सांगत बसले होते, मासा, आवंढा, 227. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ते ठीक आहे गं. पण रिपोर्टमध्ये दिसलं असतं तर घरी दाखवता आलं असतं.”

एवढ्या शिक्षणात याची तयारी कुणी करून घेतली नव्हती. सुचलं ते बोलले : मायग्रेनचं निदानही डॉक्टर पेशंटशी बोलूनच करतात, स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, म्हणून डोकं दुखत नाही असं कुणी म्हणतं का?

त्या जरा थांबल्या. “हे चालेल,” म्हणाल्या. “सासूबाईंना मायग्रेन आहे.”