पूल वीस हजारांचा, घर पाच लाखांचं

लखपती व्हायचं असेल तर व्हिएतनामला जावं. हनोईच्या विमानतळावर शंभर डॉलर मोडले आणि हातात पंचवीस लाखांच्या वर दोंग आले. आई म्हणाली, "अगं, एवढे कुठे ठेवायचे?" नाणी नाहीतच, सगळा कारभार नोटांचा. मोठ्या नोटा प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या. वीस हजारांपासून पाच लाखांपर्यंत प्रत्येक नोटेवर तिथले राष्ट्रनेते हो ची मिन्ह. "आपल्या गांधीजींसारखंच," आई म्हणाली, आणि तिथेच आमचं लक्ष चेहऱ्यावर राहिलं, रंगावर गेलंच नाही.

पहिल्या रात्री हॉटेलवर हिशेब मांडला तर ४,८०,००० दोंग कमी. म्हणजे सोळाशेच्या वर रुपये. पाकीट उलटंपालटं केलं, पिशव्या झटकल्या, नवऱ्यावर संशय घेऊन झाला. छडा लागला दुसऱ्या संध्याकाळी, उसाच्या रसाच्या गाडीवर. (हो, तिथेही चरकावरचा ताजा रस मिळतो. त्यात आलं-लिंबू नाही, छोटं संत्र्यासारखं आंबट फळ पिळतात. आईला आवडला.) मी निळी नोट पुढे केली. रसवाल्या बाईंनी ती घेतली नाही. माझं मनगट धरलं, पाकिटातली दुसरी निळी नोट बोटाने वर ओढली आणि पहिली परत आत सारली. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच! आदल्या दिवशी रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याला आम्ही वीस हजार समजून काय दिलं होतं, ते तेव्हा कळलं. त्याने मुकाट्याने खिशात घातली होती.

त्यानंतर आम्ही नोटेची मागची बाजू बघायला लागलो. वीस हजारांवर होइ आन शहरातला जुना जपानी पूल आहे. पाच लाखांवर हो ची मिन्ह यांचं गावाकडचं घर, झाडांमध्ये. पूल म्हणजे चिल्लर, घर म्हणजे जपून. पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवूच नका, वेगळ्या कप्प्यात ठेवा. आमच्याकडे त्या आईच्या बटव्यात गेल्या आणि मग कुठे पैसे गळायचे थांबले.

भाव बहुतेक ठिकाणी '३० के' असे लिहिलेले असतात, म्हणजे तीस हजार. तीन शून्यं झाकायची आणि उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणायचं. आम्ही गेलो तेव्हा रुपये थोडे जास्तच यायचे, तेवढाच खर्चाला आळा.

डॉलर न्यायचे ते कोरे करकरीत. घडी पडलेली, पेनाची रेघ असलेली नोट काउंटरवरून परत येते. आमची एक आली. शंभराच्या नोटेला छोट्या नोटांपेक्षा बरा भाव मिळतो. बदलायचे ते बँकेत नाहीतर परवाना असलेल्या ठिकाणीच. कुणी गल्लीत चांगला भाव देतो म्हणाला तरी जाऊ नका, दंड बदलणाऱ्यालाही होऊ शकतो.

कार्डाचं काम घरूनच करून निघा. ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरापुरतीच चालू होऊन येतात, परदेशी वापर आपल्याला बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. नवरा हे विसरला. मग एटीएमसमोर उभं राहून ओटीपीसाठी रोमिंग सुरू करण्याची कसरत. एटीएममधून एका वेळी फार मोठी रक्कम निघत नाही आणि दर वेळी शुल्क लागू शकतं, तेव्हा सारखेसारखे थोडे काढू नका. हॉटेलात कार्डाच्या मशिनवर 'रुपयांत की दोंगमध्ये' असा प्रश्न आला तर डोळे मिटून दोंग. रुपयांचा आकडा ओळखीचा दिसतो, पण त्यातला भाव मशिनवाल्यांनी त्यांच्या फायद्याने ठरवलेला असतो. दुकानोदुकानी क्यूआर चिकटवलेले दिसले तरी हुरळू नका, आमचं यूपीआय कुठेही चाललं नाही. रस्त्यावरच्या टॅक्सीपेक्षा ग्रॅब (ॲपवरून बोलावायची गाडी) बरं, भाडं आधीच दिसतं. तेवढे सुटे तयार ठेवायचे, की बाकी परत मागायचा प्रश्नच नाही.

टिपचं म्हणाल तर साध्या खानावळीत कुणी अपेक्षा करत नाही. आम्ही टेबलावर ठेवलेले दहा हजार घेऊन एक पोरगा मागे धावत आला, विसरलात म्हणून. मोठ्या हॉटेलांत बिलातच सेवाशुल्क असतं, ते आधी बघा. निन्ह बिन्हजवळच्या ताम कोकला मात्र वेगळा प्रकार. तिथे होडीवाल्या मावशी चक्क पायांनी वल्ही मारतात, आणि परतीच्या वाटेवर हातांनी भरतकामाचे रुमाल उलगडतात. रुमाल नको म्हटलं की "टिप, टिप". आम्ही होडीमागे पन्नास हजार दिले. कुरकुर झाली, पण चाललं. देणार असाल तर ती नोट आधीच वेगळ्या खिशात ठेवा. मावशींसमोर पाकीट उघडलंत की घासाघीस त्या पाकिटाच्या जाडीवरून होते.

उरलेले दोंग घरी आणू नका, इथे बदलायला गेलं तर भाव पडलेला. आम्ही ते विमानतळावर कॉफीत घातले आणि गावातल्यापेक्षा कितीतरी जास्त मोजले. कॉफी गावातूनच घ्या, विमानतळासाठी पाण्याच्या बाटलीपुरते दोन-तीन पूल ठेवा.