हुकापाशी मोजलेले अर्थिंग

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात लोखंडी कपाटांचे सुटे पत्रे इलेक्ट्रोस्टॅटिक गनने रंगवले जातात. गनच्या टोकाशी ६० हजार व्होल्टच्या आसपास विद्युतदाब असतो, आणि भारित झालेले रंगाचे कण अर्थ केलेल्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या पत्र्याकडे ओढले जातात. पत्रा नीट अर्थ झालेला नसेल, तर तोच भार त्याच्यावर साचत जातो.

गेल्या जानेवारीत आमचा हेल्पर म्हणाला, "दादा, टांगलेल्या पत्र्याला हात लागला की चटका बसतोय." मी त्याच क्षणी काम थांबवले. थिनरमधल्या टोल्युइन या द्रावकाची वाफ पेटायला पाव मिलिज्यूल ऊर्जाही पुरते, आणि हाताला जाणवणारी ठिणगी बहुधा त्याहून मोठी असते.

वायरमनकाकांनी अर्थपिट, म्हणजे अर्थिंगचा जमिनीतला खड्डा तपासला, पॅनलची अर्थिंगपट्टी तपासली. दोन्ही उत्तम होते. तरीही माझे समाधान होईना, म्हणून गन बंद करून, रंग आणि थिनर बाहेर काढून, एक्झॉस्ट बराच वेळ चालवल्यावर आम्ही ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे रोध मोजायचे यंत्र, थेट टांगलेल्या पत्र्याला लावला. या कामात पत्र्यापासून जमिनीपर्यंतचा रोध १ मेगओहमपेक्षा कमी असायला हवा. आमचा काटा त्याच्या कितीतरी पुढे गेला. हूक काढून पाहिला तेव्हा कारण हातातच आले: पत्रा ज्या वाकात टेकतो तिथे रंगाचे थरावर थर बसून नखाएवढे जाड, गुळगुळीत कवच तयार झाले होते. पॉलिश पेपरने तेवढीच जागा घासून धातू उघडा केल्यावर काटा लगेच खाली आला.

मग मी बूथमधील, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त जागेतील, प्रत्येक धातूची वस्तू तपासली. लाकडी फळीवर ठेवलेला थिनरचा डबा सुटाच होता. त्याला क्लिप लावून अर्थला जोडले. गन धरणाऱ्या हाताच्या रबरी मोज्याचा तळवा कापला, कारण कामगाराची त्वचा गनच्या अर्थ केलेल्या मुठीला टेकली नाही, तर त्याच्याच अंगावर भार साचतो. त्याच्या अँटिस्टॅटिक बुटांचे तळवेही रंगाने माखले होते.

सर्वांत अस्वस्थ करणारी बाब शेवटी सापडली. रिकामी गन घेऊन एक्झॉस्ट बंद ठेवला आणि ट्रिगर ओढला, तर उच्च विद्युतदाब सुरू झाला. म्हणजे एक्झॉस्ट बंद असताना गन सुरू होऊ न देणारा इंटरलॉक नव्हताच. आम्ही डक्टमध्ये हवा वाहत असेल तरच गन चालू देणारा एअरफ्लो स्विच बसवून घेतला. मोटरच्या स्विचवर मी विसंबलो नाही, कारण पंख्याचा पट्टा तुटला तरी मोटर फिरत राहते आणि हवा मात्र थांबते.

आता दर सोमवारी पत्र्यापाशी मापन होते आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहिला जातो. पावसाळ्यात दमट हवेमुळे आकडे फसवे, नको इतके चांगले येतात. म्हणून त्या महिन्यांतही हूक घासल्याशिवाय मी पाळी सुरू होऊ देत नाही.