कोकमाच्या बियांचा साबण: बॅच दोन, चौथा आठवडा

काल बॅच दोनला २८ दिवस झाले. ११२ ग्रॅमची वडी १०१ वर आलीये आणि कडक अशी की नख उमटत नाही. पहिल्या बॅचची अजून बोटाला तुपट लागते, त्यामुळे आधी तिचंच सांगतो.

बिया मामीकडच्या, कुडाळच्या. मे महिन्यात आमसुलं घातली की बियांचा ढीग परसात पडलेला असतो, त्यातल्या दोन किलो सुकवून पुण्याला आणल्या. टरफलं काढणं म्हणजे डोक्याला ताप, पण टरफलासकट मिक्सरला लावू नका, माझं भांडं गेलं. गर कुटून पाण्यात उकळला, रात्रभर ठेवला, सकाळी वर फिकट थर गोठलेला, तो परत वितळवून गाळला तर २७० ग्रॅम भरला. मामी ह्याचेच मुठीत दाबून गोळे करते, मुठेल, टाचा फुटल्या की लावायला. म्हणजे शोधबिध मी काही लावलेला नाही.

रेसिपी दोन्ही वेळा तीच, खोबरेल १५०, शेंगदाणा तेल २००, कोकमाचं तेल १२५, एरंडेल २५, कॉस्टिक सोडा ७१, पाणी १६० ग्रॅम, सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम मोकळं ठेवलेलं तेल) ५ टक्के. तुमची तेलं वेगळी असतील तर कॉस्टिकचा हिशोब नव्याने करा.

पहिल्या वेळी हाव नडली. लालभडक साबण होईल म्हणून साध्या पाण्याऐवजी कोकमाची सालं भिजवलेलं पाणी घेतलं, कॉस्टिक पडल्यापडल्या लालाचं हिरवट झालं आणि मग सरळ चिखल. हा रंग अल्कलीत टिकत नाही, शाळेत जास्वंदीचा कागद सोड्यात बुडवला होता की आपण! रंगाचं जाऊ दे, खरा घोळ आंबटपणाचा, कारण अ‍ॅसिड आधी कॉस्टिक खातं आणि तेलाच्या वाट्याला कमी उरतं. सायट्रिक धरलं तर १० ग्रॅमला ६ ग्रॅमच्या वर कॉस्टिक जातं, कोकमात त्याचाच भाऊ हायड्रॉक्सीसायट्रिक, आणि माझ्या पाण्यात ते किती होतं देव जाणे. सुपरफॅट ५ चं कितीवर गेलं असेल ते त्या तुपट वडीलाच विचारा.

वर आणखी एक, मिश्रण ३३ डिग्रीला आलं तेव्हा घट्ट झालं, मला वाटलं ट्रेस आला (म्हणजे तेल आणि कॉस्टिक एकजीव होऊन दाटलं), ओतलं मोल्डमध्ये. ट्रेस कसला, कोकमाचं तेल गोठत होतं! ते वितळतंच ४० च्या आसपास. दुसऱ्या दिवशी कडेला तेल सुटलेलं.

बॅच दोनला साधं पाणी, तेलं आणि लाय (कॉस्टिकचं पाणी) दोन्ही ४५ ला, थांबून थांबून ब्लेंडर, १२ मिनिटांनी खरा ट्रेस. फेस खोबरेलवाल्याइतका भसाभस नाही, बारीक आणि दाट येतो, दाढीला मस्त.

लाल हवाच असेल तर पुढच्या वेळी गेरू घालेन, तो लायला बधत नाही. पण तेल उरलंय २० ग्रॅम, ते आईने टाचांसाठी आधीच उचललंय, त्यामुळे बॅच तीन आता मे महिन्यातच.